कंबरदुखी किरकोळ कुणी ठरवली?



आमच्या सल्ला केंद्रात एक जाडजूड नोंदवही आहे. येणाऱ्या बाईचं नाव, वय, मुलं किती, काम काय आणि तक्रारीचं स्वरूप असे तिच्यात रकाने आहेत. मारहाण, पोटगी, दारू, संशय, घराबाहेर काढणं अशा नोंदी पानोपानी सापडतात. या अंकाची तयारी करताना ती वही मी पुन्हा चाळली आणि एक गोष्ट मनाला लागली. कितीतरी नोंदींच्या शेवटी, बारीक अक्षरात, चार शब्द लिहिलेले आहेत : 'शिवाय कंबर फार दुखते.' अक्षर माझंच आहे. मारहाणीच्या नोंदीपुढे आपण काय केलं ते लिहिलंय, पोटगीच्या नोंदीपुढे कोर्टाच्या तारखा आहेत. कमरेपुढे मात्र काहीच नाही. बाईने सांगितलं म्हणून मी लिहून घेतलं आणि सोडून दिलं.

समाजकार्याचं पदव्युत्तर शिक्षण घेतलेली, दहा-बारा वर्षं वस्तीत काम करणारी, स्वतःची दोन बाळंतपणं झालेली मी. मला पुढचा प्रश्न का सुचला नाही? कारण बाई म्हटली की कंबर दुखायचीच, हे माझ्याही मनात पक्कं बसलं होतं. आजीची दुखायची, आईची दुखायची. 'बाळंतपणात कंबर गेली' हे वाक्य आपण लहानपणापासून इतक्यांदा ऐकलेलं असतं की गेली म्हणजे कुठे गेली, कशाने गेली आणि परत येते की नाही, हे विचारायचं राहूनच जातं. या वेळचं संपादकीय त्या राहून गेलेल्या प्रश्नांबद्दल आहे.

ते विचारायला लावले आमच्या बचत गटातल्या एका मैत्रिणीने. वय चौतीस, मुलं दोन, चार घरची धुणीभांडी. धाकटं मूल झाल्यापासून, म्हणजे तीन वर्षं, तिच्या कमरेच्या अगदी खालच्या भागात दोन्ही बाजूंना दुखत होतं. दुखणं कधीकधी कुल्ल्यांपर्यंत उतरायचं. फार वेळ उभं राहिलं, पाण्याने भरलेली कळशी उचलली, की वाढायचं. आडवं पडलं की थोडं कमी व्हायचं. पण आडवं पडायला वेळ कुठला? पहिल्या डॉक्टरांनी सुई टोचली आणि गोळ्या दिल्या. चार दिवस बरं वाटलं, पाचव्या दिवशी पुन्हा तेच. दुसऱ्या डॉक्टरांनी विचारलं, मुलं किती? दोन? मग आता पिशवीचा उपयोग काय, काढून टाका, कंबर थांबेल. खर्चाचा आकडाही त्यांनी लगेच सांगितला. तिसऱ्या ठिकाणी, एका मोठ्या दवाखान्यात, एक्स-रे काढला. तो फोटो आणि त्याबरोबरचा इंग्रजी कागद घेऊन ती संध्याकाळी केंद्रात आली. दार लोटून घेतलं आणि म्हणाली, "ताई, खरं सांगा, यात कॅन्सर लिहिलाय का? हाड पांढरं पडलंय म्हणाले."

कागदावर नाव होतं, ऑस्टिआयटिस कंडेन्सन्स इलिआय. मीही ते पहिल्यांदाच वाचत होते. दुसऱ्या दिवशी ओळखीच्या हाडांच्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. त्यांनी फोटो उजेडासमोर धरला, तिला तपासलं, रक्ताचे अहवाल पाहिले आणि सांगितलं की हा कॅन्सर नाही, हाड सडलेलं नाही, जिवाला काही धोका नाही. तिचा जीव भांड्यात पडला, माझाही. त्यानंतर जे घडलं त्याबद्दल पुढे लिहिते. आधी हे लांबलचक नाव समजून घेऊ, कारण ते आपल्यातल्या अनेकींच्या कामाचं आहे.

कमरेवर हात ठेवून उभं राहिलं की तळहाताखाली जे रुंद हाड लागतं, त्याला इलियम म्हणतात. दोन्ही बाजूंना असं एकेक हाड असतं. पाठीचा कणा जिथे संपत येतो तिथल्या त्रिकोणी हाडाला ही दोन्ही हाडं मागून जोडलेली असतात. पाठीवर, कमरेच्या खाली दोन बारीक खळगे दिसतात ना, साधारण तिथेच हा जोड आहे. त्याला सॅक्रोइलियाक सांधा म्हणतात. गुडघ्यासारखा तो वाकत-वळत नाही, जेमतेम हलतो. पण डोकं, हात, छाती, पोट, डोक्यावरची घागर, कडेवरचं मूल, या सगळ्याचा भार पायांकडे पोचतो तो याच दोन सांध्यांतून. घराच्या छपराचं वजन जसं तुळईवरून खांबावर उतरतं, तसं.

गरोदरपणात शरीरातल्या संप्रेरकांमुळे सांधे बांधून ठेवणारे अस्थिबंध सैल पडतात. बाळाला बाहेर यायला वाट मिळावी, अशी ही सोय आहे. त्याच काळात पोट पुढे येतं, वजन वाढतं, कमरेचा बाक वाढतो. म्हणजे बांधणी सैल आणि भार जास्त. हाडाचा स्वभाव असा आहे की एका जागी सतत ताण पडला की तिथे ते जाड आणि घट्ट होत जातं. खुरपं धरून हाताला घट्टे पडतात, काहीसं तसंच. इलियमच्या सांध्यालगतच्या भागात, मुख्यतः खालच्या बाजूला, घट्ट हाडाचा एक त्रिकोणी पट्टा तयार होतो, आणि बहुधा दोन्हीकडे सारखाच. घट्ट हाड एक्स-रेवर पांढरं दिसतं. 'हाड पांढरं पडलंय' याचा अर्थ एवढाच. सांध्यातली फट मात्र शाबूत असते. आज सर्वांत मान्य असलेला खुलासा असा आहे. मूल न झालेल्या बाईमध्ये आणि क्वचित पुरुषामध्येही हे आढळतं, त्यामुळे बाळंतपण हे एकमेव कारण म्हणता येत नाही. पण बहुतेक रुग्ण मुलं झालेल्या, तरुण वयातल्या बायकाच असतात.

नावातल्या 'आयटिस'मुळे हा दाहाचा आजार वाटतो, पण संधिवातात सांधा आतून झिजत जातो तसं इथे होत नाही. १९२६ साली फ्रान्समध्ये सिकार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याचं वर्णन केलं, १९२८ साली बार्सोनी आणि पोल्गार यांच्या लेखनातून हे नाव रूढ झालं. शंभर वर्षं होत आली. वैद्यकाच्या पुस्तकात ते तेव्हापासून आहे. वैद्यकीय लेखनात याचं प्रमाण शंभरातल्या एक-दोन जणांत असं सांगितलं जातं. त्यातल्या अनेकींना काहीही दुखत नाही, दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या फोटोत ते अचानक दिसतं. म्हणून फोटोत पांढरा पट्टा दिसला की दुखणं त्याचंच, असंही लगेच धरून चालत नाही. फोटो, दुखण्याची तऱ्हा आणि हाताने केलेली तपासणी, तिन्ही जुळवून पाहावी लागतात.

आता मैत्रिणीच्या दुसऱ्या डॉक्टरांकडे वळू, ज्यांनी पिशवी काढायला सांगितली होती. गर्भाशयाच्या काही आजारांत कंबर दुखते, हे खरं आहे. पण कंबर दुखते म्हणून गर्भाशय काढायचं, हे त्याचं उलटं वाचन आहे. सांध्याचं दुखणं पिशवी काढून कसं थांबेल? आणि पिशवीबरोबर अंडाशयही काढले तर पाळी जाण्याचं वय एकदम जवळ येतं आणि हाडं ठिसूळ व्हायला लागतात. म्हणजे ज्या हाडांसाठी गेलो, त्यांनाच आणखी मार बसतो. आमच्या वस्तीत अशा दोघीतिघी आहेत, ज्यांची पिशवी गेली आणि कंबर मात्र तशीच दुखते आहे.

बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांचं काय झालं, ते आपण विसरलेलो नाही. २०१९ साली त्यांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबद्दल बातम्या आल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली, तेव्हा झालेल्या पाहणीत ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. या बायका पांढरं जाणं, पोटदुखी, पाळीचा त्रास, कंबरदुखी अशा तक्रारी घेऊन दवाखान्यात गेल्या होत्या. त्या दिवसभर वाकून ऊस तोडतात, मोळ्या बांधतात, डोक्यावर घेऊन गाडीत चढवतात. एक दिवस पडून राहिलं तर खाडा, आणि खाड्याचा दंड. अशा बाईची कंबर का दुखते, हे शोधायला डॉक्टर असण्याची गरज नाही. पण मोळीचं वजन कमी करण्यापेक्षा गर्भाशय काढणं सोपं ठरलं. पुढे २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने आखलेली मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करा, असा आदेश सगळ्या राज्यांना दिला. आदेश आहे. तो आपल्या तालुक्याच्या दवाखान्यापर्यंत पोचलाय का, हे आपणच जाऊन पाहायचं आहे.

इथे आपल्या चळवळीनेही थोडं आत वळून पाहायला हवं. १९८९ साली राणी बंग आणि अभय बंग यांचा गडचिरोलीतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या, त्यातल्या ९२ टक्के जणींना स्त्रीरोगाचा काही ना काही त्रास होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. बायका आजार अंगावर काढतात, हे त्या अभ्यासाने आकड्यांत मांडलं. आपल्या आरोग्य शिबिरांना त्यातून बळ मिळालं. पण हळूहळू आपल्याही बोलण्यात बाईचं आरोग्य म्हणजे गर्भाशय, पाळी आणि बाळंतपण एवढंच उरलं. सरकारच्या योजनांतही तेच. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई बेचाळीस दिवसांत सहा वेळा येते, ती मुख्यतः बाळासाठी. बाळाचं वजन होतं, ताप पाहिला जातो, दूध पितं का हे विचारलं जातं. ते हवंच. आईला रक्तस्राव, ताप याबद्दलही विचारलं जातं. पण तिला उठता-बसता येतं का, कूस बदलताना कळ येते का, हे विचारायचा रकानाच नाही. बाईला हाडंही असतात आणि त्या हाडांवरच घर उभं असतं, हे सरकारही विसरलं आणि आपणही.

दुसऱ्या एका चुकीबद्दलही लिहायला हवं. याच सांध्याला होणारा आणि दिसायला काहीसा सारखा वाटणारा एक खरा दाहाचा आजार आहे, अँकिलोझिंग स्पाँडिलायटिस. त्यात मणके हळूहळू आखडत जातात. त्याची औषधं वेगळी, काही फार महाग आणि वर्षानुवर्षं घ्यावी लागणारी. दोन्हींची गल्लत झाली की बाईचं दुहेरी नुकसान होतं. जिला फक्त घट्ट हाडाचा त्रास आहे, तिच्या माथी आयुष्यभराच्या आजाराचा शिक्का बसतो. बाळंतपणानंतर काही महिने तर एमआरआयमध्येसुद्धा या सांध्याभोवती दाहासारख्या खुणा दिसू शकतात, म्हणून अलीकडे मूल झालंय का, कधी झालं, हे तपासणाऱ्याला आवर्जून सांगायला हवं. आणि उलट, जिला खरोखर स्पाँडिलायटिस आहे, तिला 'बाळंतपणाने झालंय, होईल बरं' म्हणून वर्षानुवर्षं परत पाठवलं जातं, कारण हा पुरुषांचा आजार अशी समजूत आहे. आजार वेगळे, पण दोन्ही वेळा चूक होते ती एकाच कारणाने : बाईचं सांगणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं जात नाही.

फरक ओळखायच्या काही खुणा आहेत. दाहाच्या आजारात सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून जास्त वेळ कंबर आखडलेली राहते, पहाटे दुखण्याने जाग येते, आराम केल्याने बरं वाटत नाही आणि हालचाल केल्यावर मोकळं वाटतं. घट्ट हाडाच्या त्रासात बहुधा उभं राहण्याने, चालण्याने, ओझ्याने दुखणं वाढतं आणि टेकल्यावर कमी होतं. त्यात रक्तातल्या दाहाच्या चाचण्या बहुधा ठीक येतात. या खुणा ढोबळ आहेत, त्यावरून घरी निदान करायचं नाही. पण डॉक्टरांना काय सांगायचं, हे त्यातून आपल्याला कळतं.

काही खुणा मात्र अशा आहेत की त्यांच्यासाठी एक दिवसही थांबू नये. कमरेबरोबर रोज बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम येणं, म्हणजे क्षयाची तपासणी हवी. आपल्या देशात मणक्याचा आणि सांध्याचा क्षय दुर्मीळ नाही. पायातली ताकद जाणं, मांड्यांच्या आतल्या भागात बधिरपणा, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, म्हणजे लगेच मोठ्या दवाखान्यात जायचं. आधी कॅन्सर होऊन गेला असेल, पडल्याझडल्यावर किंवा मारहाणीनंतर कंबर धरली असेल, तर तेही लपवू नये. आणि एक्स-रे काढण्याआधी दिवस गेले असण्याची थोडीही शक्यता असेल तर तसं सांगावं.

आता पुन्हा त्या मैत्रिणीकडे येते. डॉक्टरांनी सांगितलं, घाबरण्यासारखं काही नाही, साधं आहे. घरी जाईपर्यंत त्या वाक्याचं काय झालं? नवरा म्हणाला, "काही नाही म्हणाले ना? मग एवढे पैसे कशाला घातले?" दुसऱ्या दिवशी पहाटे पाण्याच्या रांगेत तीच उभी होती, दोन कळशा घेऊन. पिशवीचं ऑपरेशन झालं असतं तर महिनाभर तरी तिला कुणी ओझं उचलू दिलं नसतं, असं ती हसत हसत म्हणाली. मला त्या हसण्याने रात्रभर झोप आली नाही. कापून घेतल्याशिवाय बाईला विश्रांती मागता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.

'जिवाला धोका नाही' आणि 'दुखत नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डॉक्टर पहिलं वाक्य बोलतात, घर दुसरं ऐकतं. आणि पुष्कळदा बाईसुद्धा स्वतःशी दुसरंच बोलू लागते. आपल्याला ही दोन वाक्यं वेगळी करायची आहेत. या दुखण्याला नाव आहे, याचा उपयोग घाबरण्यासाठी नाही. नाव असलं की बाई दोन ठिकाणी ठाम उभी राहू शकते. दवाखान्यात म्हणू शकते की माझं दुखणं सांध्याचं आहे, पिशवी का काढायची ते मला समजावून सांगा. आणि घरी म्हणू शकते की हे नाटक नाही, फोटोत दिसतंय, माझ्या वाट्याचं ओझं कमी करा.

कारण उपचार मुळात तोच आहे. या दुखण्यावर जादूची गोळी नाही आणि ऑपरेशनची वेळ अगदी क्वचित येते. सांध्याभोवतीचे पोटाचे, कुल्ल्यांचे आणि पाठीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम हा पाया आहे. ते फिजिओथेरपिस्टकडून शिकून घ्यावेत; मोठ्या सरकारी रुग्णालयांत हा विभाग असतो, फक्त तो बायकांना माहीत नसतो. काही जणींना खुब्यांच्या किंचित वर घट्ट बांधायच्या पट्ट्याने आराम पडतो. बाळंतिणीच्या पोटाला बांधतात तो पट्टा वेगळा. दुखणं फार असेल तेव्हा वेदनाशामक गोळी डॉक्टरांना विचारून, भरल्या पोटी, थोडे दिवस. दुकानातून स्वतः मागून महिनोन्महिने घेतलेल्या गोळ्या जठराला आणि मूत्रपिंडाला बाधतात. अंगावर दूध असेल तर तसं सांगूनच औषध घ्यावं. फारच हट्टी दुखण्यात डॉक्टर सांध्यात इंजेक्शन देतात. बहुतेकींचं दुखणं काही महिन्यांत, काहींचं काही वर्षांत, कमी होत जातं. पुढे तो पांढरा पट्टाही पुष्कळदा फिका होतो.

रोजच्या वागण्यातल्या सूचनाही साध्या आहेत. एका पायावर भार टाकून उभं राहू नये. मूल कायम एकाच कडेवर घेऊ नये. कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी घ्यावी. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर वळून, हाताचा आधार घेऊन उठावं. एक मोठी घागर उचलण्यापेक्षा दोन लहान भांड्यांत पाणी आणावं. ओणवं राहून फरशी पुसण्यापेक्षा लांब दांड्याचं पुसणं घ्यावं. आणि मुख्य म्हणजे जड ओझं उचलू नये.

या शेवटच्या सूचनेपाशी आपण अडतो. ओझं उचलू नये, हे बरोबर. पण मग ते कोण उचलणार? २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत बिनमोल घरकामात भाग घेणाऱ्या बायका त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात आणि पुरुष ८८ मिनिटं, असं दिसलं. जवळजवळ दोनशे मिनिटांचा हा फरक कुठे जातो? तो कमरेत साठतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर 'विश्रांती' असं लिहिणं सोपं आहे. ती चिठ्ठी कुठल्या औषधाच्या दुकानात चालत नाही. ती घरात वटवावी लागते, कामाच्या ठिकाणी वटवावी लागते. २०१७ च्या कायदादुरुस्तीने बाळंतपणाची पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, पण ती कुणाची? धुणीभांडी करणारीची नाही, शेतमजूर बाईची नाही, बांधकामावर पाट्या वाहणारीची नाही. तिचा सवा महिना पुरा होण्याआधीच ती कामावर असते, अस्थिबंध अजून सैल असताना. आपल्या परंपरेत सवा महिन्याच्या विटाळाच्या कल्पना आहेत, त्यांना आपण विरोध केला आणि करत राहू. पण त्याच सवा महिन्यात बाईच्या अंगाला शेक, पोटात डिंक-अळीव आणि कमरेला विसावा मिळायचा, तेवढा भाग आपण हक्क म्हणून मागायला हवा. आणि तो माहेरच्या ऐपतीवर, आईच्या जिवावर अवलंबून राहता कामा नये.

काही मैत्रिणी म्हणतील, बायकांच्या प्रत्येक दुखण्याला इंग्रजी नाव देऊन आपण त्यांना पुन्हा डॉक्टरांच्या हाती सोपवत नाही का? शंका रास्त आहे. प्रत्येक कंबरदुखीला हा आजार नसतो आणि प्रत्येकीने एक्स-रे काढायला धावायचंही नाही. पण नाव माहीत नसण्याने बाई डॉक्टरांच्या तावडीतून सुटते, असं काही दिसत नाही. नाव माहीत नाही म्हणूनच तिला कुणीही काहीही सांगतो. माहिती बाईच्या हातात असली पाहिजे, हे आपण नेहमीच म्हणत आलोय.

आता त्या घरातला पुढचा प्रसंग. आम्ही दोघी-तिघी कार्यकर्त्या तिच्या घरी गेलो. एक्स-रे बरोबर नेला. खिडकीत उजेडासमोर धरून नवऱ्याला, सासूला आणि बारा वर्षांच्या मुलाला तो दाखवला. हे कमरेचं हाड, हा सांधा, हा पांढरा पट्टा, कशामुळे झाला, ओझ्याने काय होतं. नवरा गप्प होता. सासूबाई मात्र पुढे येऊन बराच वेळ फोटोकडे बघत राहिल्या. मग खाली बसल्या आणि म्हणाल्या, "बाई, माझीबी अशीच गेली. चार बाळंतपणं झाली. मला कुणी फोटो काढायला नेलं न्हाई." सुनेला त्या त्याआधी कामचुकार म्हणत होत्या. त्या दिवसापासून तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही, असं सूनच सांगते. पाणी आता मुलगा भरतो. नवरा अजून भरत नाही. चार घरांतलं एक काम तिने सोडलं, व्यायामासाठी रुग्णालयात जायचे दिवस आले तसे त्या दिवसांचे पैसे बुडाले. कंबर पूर्ण थांबलेली नाही, पण निम्म्याने कमी आहे, असं म्हणते. ही काही विजयाची गोष्ट नाही. पण पिशवी तिच्याच अंगात आहे आणि दोन कळशांतली एक तिच्या हातातून खाली उतरली आहे.

येत्या तिमाहीत आपल्या प्रत्येक गटाने एक बैठक कमरेसाठी घ्यावी, अशी आमची विनंती आहे. त्या बैठकीत प्रत्येकीने सांगावं, कंबर कधीपासून दुखते, कुठे दुखते, काय केलं की वाढते, आजवर कुणी काय सांगितलं आणि किती पैसे गेले. जवळच्या सरकारी रुग्णालयात हाडांचे डॉक्टर आणि फिजिओथेरपी कुठल्या वारी असते, ते शोधून फळ्यावर लिहावं. आशाताईंना बैठकीला बोलवावं. त्याही बायका आहेत आणि त्यांच्याही कमरा दुखतात. पिशवी काढायचा सल्ला मिळालेली कुणी असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतल्याशिवाय तिने सही करू नये, आणि तिच्याबरोबर गटातली एक तरी मैत्रीण दवाखान्यात जावी. शक्य असेल तिथे एक बैठक घरातल्या पुरुषांबरोबरही घ्यावी, फोटो समोर ठेवून. या बैठकांमध्ये काय निघालं ते आम्हाला लिहून कळवा. बायकांची नावं न देता पुढच्या अंकात ते छापू.

नोंदवहीत आम्ही एक नवा रकाना आखला आहे. 'शिवाय कंबर फार दुखते' या नोंदी आता तळाशी जाणार नाहीत. त्यांच्यापुढे तारीख असेल आणि आपण काय केलं, तेही असेल. तुमच्या वहीतही असा रकाना आखाल ना?

संपादक मंडळाच्या वतीने